काउंटरवरचं माप

नव्या बारमध्ये रात्री आठला येणाऱ्या पाहुण्याची संध्याकाळ दाराशी सुरू होते. मंद उजेड, लाकडाचं लांब काउंटर, मागे उजळलेली बाटल्यांची भिंत, मेन्यूकार्डावर कधी न ऐकलेली नावं. काउंटरच्या आत उभं राहून काम करणाऱ्यांची संध्याकाळ त्याच्या पाच तास आधी, दुपारी तीनला, लिंबं धुण्यापासून सुरू झालेली असते. मुंबई, पुणे, गोव्यात गेल्या दहाएक वर्षांत निघालेल्या कॉकटेल बारांविषयी बोलताना लोक सजावट, किंमत आणि फोटो या तीन गोष्टींपाशी थांबतात. आतल्या बाजूने काम केलेल्या माणसाला मात्र वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. काउंटरवर, बर्फाच्या खणाशेजारी, एक छोटं स्टीलचं भांडं पालथं ठेवलेलं असतं. दोन शंकू टोकाला टोक लावून जोडावेत तसा त्याचा आकार. एका बाजूला ६० मिली, दुसऱ्या बाजूला ३०, आणि आतल्या अंगाला बारीक रेघा कोरलेल्या. कुणी त्याला जिगर म्हणतं, कुणी पेग मेजर. गर्दीच्या रात्री ते शेकडो वेळा उचललं जातं, आणि प्रत्येक वेळी उचलणाऱ्याने त्या रेघेचा मान ठेवला की नाही, यावर बार चांगला की वाईट हे ठरतं, असं माझं ठाम मत आहे. चव, प्रामाणिकपणा, पाहुण्याची सुखरूप घरवापसी आणि काम करणाऱ्याची प्रतिष्ठा, या सगळ्या गोष्टी शेवटी मापाशी येऊन थांबतात.

मापाची गरज सर्वांत आधी चवीला असते. कॉकटेलच्या जुन्या घराण्यांपैकी सावर हे सर्वांत सोपं. मद्य, लिंबू, साखर, बस्स. व्हिस्की सावर, डाकिरी, मार्गारिटा ही सगळी त्याच कुळातली. ६० मिली मद्य, २५ मिली लिंबाचा रस आणि २० मिली साखरेचा पाक हे त्याचं एक चालू प्रमाण. यातला रस नुसता ५ मिलीने वाढवून बघा. आमटीत चिंच जरा जास्त पडली तर ती अख्ख्या पातेल्यात पसरते आणि गुळाच्या खड्याने सावरून घेता येते. इथे सगळं मिळून शंभर मिलीच्या आसपास द्रव आहे, त्यामुळे ५ मिलीची चूक पहिल्याच घोटाला दातांना कळते. त्यात आपलं कागदी लिंबू रोज एकसारखं नसतं. उन्हाळ्यात ते महागतं, बारीक आणि कडक होतं, रस निघता निघत नाही. पावसाळ्यात रस भरपूर, पण आंबटपणा ढिला. म्हणून दुपारी रस काढून झाला की तो आधी चाखायचा, त्या दिवसाच्या लिंबाला पाक किती लागेल ते ठरवायचं, आणि दार उघडण्यापूर्वीच्या ब्रीफिंगमध्ये ते सगळ्यांना सांगायचं. हा रस काही तासच ताजा राहतो. रात्री उरलेला दुसऱ्या दिवशी कडवट लागतो, तो ओतून द्यावाच लागतो. कॉकटेल या शब्दाची छापील व्याख्या १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वृत्तपत्रात आली, तीही घटक मोजूनच दिलेली होती: मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स. नाव मिळालं तेव्हापासूनच हे पेय घटकांच्या हिशेबावर उभं आहे.

त्या व्याख्येतला पाणी हा शब्द वाचताना आपण सहज ओलांडून जातो. कामात मात्र सर्वांत जास्त लक्ष त्याच्यावरच द्यावं लागतं. शेकरमध्ये बर्फ घालून दहा-पंधरा सेकंद जोरात हलवलं की पेय गार होतं, हे सगळे बघतात. ते गार कशामुळे होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. उणे १० अंशांचा एक ग्रॅम बर्फ शून्य अंशापर्यंत यायला फक्त ५ कॅलरी उष्णता घेतो. तोच एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी घेतो. म्हणजे थंडावा येतो तो मुख्यतः बर्फ वितळल्यामुळे, आणि बर्फ वितळला की पाणी आलंच. ग्लासात पोचलेल्या सावरचा चौथा ते तिसरा हिस्सा हे असं शेकरमध्ये आलेलं पाणी असतं. ते कमी पडलं तर पेय तिखट, अंगावर येणारं लागतं. जास्त झालं तर फिक्कं. मुंबईच्या दमट हवेत बर्फ पाच मिनिटं उघडा राहिला की त्याच्या अंगावर पाण्याचा थर चढतो, आणि हा ओला बर्फ शेकरमध्ये गेला की न मोजलेलं पाणीही सोबत जातं. त्यासाठी खण झाकून ठेवायचा, साचलेलं पाणी निथळू द्यायचं, चुरा झालेला बर्फ शेकरसाठी वापरायचा नाही. मोठा पारदर्शक ठोकळा काही बार स्वतः गोठवतात. पाणी एकाच बाजूने सावकाश गोठू दिलं की हवा आणि क्षार दुसऱ्या टोकाला ढकलले जातात, मग तो पांढुरका भाग कापून टाकायचा. पाहुण्याला तो ठोकळा काचेसारखा सुंदर दिसतो. बारटेंडरला त्याचं कौतुक यासाठी की तो हळू वितळतो, आणि सावकाश पिणाऱ्याच्या ग्लासातलं माप अर्ध्या तासानेही बिघडत नाही.

चवीइतकंच माप शरीरासाठीही लागतं. आपल्याकडच्या व्हिस्की, रम, जिनमध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. अशा मद्याचे ६० मिली म्हणजे सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. यकृत तासाला अंदाजे ७ ते १० ग्रॅमचा निचरा करतं. म्हणजे एका कॉकटेलला शरीरातून जायला दोन तासांहून अधिक वेळ लागतो. हाच हिशेब १८० मिलीच्या क्वार्टरला लावला तर ६० ग्रॅमच्या वर आकडा जातो, आणि ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीला लावला तर ४० ग्रॅमच्या आसपास. ज्याला बिअर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, तो त्या एका बाटलीतून दोन कॉकटेलांइतकं अल्कोहोल घेत असतो. मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे. ही मर्यादा इतकी खाली आहे की पिणाऱ्याने गाडीची किल्ली खिशातून काढूच नये. हे सगळे आकडे पाहुण्याच्या उपयोगाचे तेव्हाच ठरतात जेव्हा ग्लासात नेमके ६० मिली गेलेले असतात. हाताच्या अंदाजाने ओतलेल्या तीन ग्लासांत मद्य किती हे ओतणाऱ्यालाही सांगता येत नाही, मग पिणाऱ्याने मोजायचं कशाच्या आधारावर?

आपल्या राज्यात दारू आणि माप यांची ताटातूट कशी झाली, याला एक इतिहास आहे. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी झाली. पुढे, १९६०च्या दशकापासून, ती टप्प्याटप्प्याने सैल होत गेली, पण परवान्याची चौकट राहिली. आजही पिणाऱ्याकडे परवाना असावा अशी कायद्याची अपेक्षा आहे, आणि परमिट रूम हा शब्द तिथूनच आपल्या पाट्यांवर आला. बंदीच्या काळात दारू चोरवाटांनी, घराघरांतल्या अड्ड्यांवर गेली, आणि जिथे लपून प्यायचं तिथे मोजून कोण देणार आणि मोजून कोण मागणार? बंदी सैल झाल्यावरही लपणं अंगवळणी पडून राहिलं. काळोखी खोली, पडदा लावलेलं दार, बायकामुलांसाठी वेगळा फॅमिली विभाग, समोर एकदम आलेली क्वार्टर आणि घाईघाईने संपवलेला ग्लास. परमिट रूमला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. गिरणी, गोदी, बाजार, कचेरी अशा ठिकाणी दिवसभर राबलेल्या माणसाला परवडणारी बसायची जागा या शहरात तिनेच दिली, आणि चोख काम करणारे वेटर तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण लपून पिण्याचा आणि भराभर पिण्याचा संबंध असतो, हे काउंटरमागून स्पष्ट दिसतं. उजेडात, काउंटरसमोर, आपला ग्लास आपल्या डोळ्यांदेखत बनताना बघणारा माणूस सावकाश पितो आणि प्रश्न विचारतो. माप पूर्ण नाहीसं झालं की काय होतं ते २०१५च्या जून महिन्यात मालाडच्या मालवणीत दिसलं. मिथेनॉल मिसळलेली गावठी दारू पिऊन शंभरावर माणसं गेली, आणि जवळपास सगळी हातावर पोट असलेली होती.

संध्याकाळचा दुसरा अर्धा भाग जेवणाचा, आणि मापाच्या दृष्टीने तो तितकाच मोलाचा. आपल्याकडे दारूसोबत चखणा असतो, जेवण नंतर. शेंगदाणे, शेव, मसाला पापड हे खारट पदार्थ तहान वाढवतात, पोट भरत नाहीत, आणि जेवण येईपर्यंत तीन पेग होऊन गेलेले असतात. नव्या बारांनी केलेला सर्वांत चांगला बदल मला हा वाटतो की त्यांनी जेवण पेयाच्या बरोबरीने पुढे आणलं. पोटात पिष्टमय, स्निग्ध, प्रथिनांचं अन्न असलं की जठर सावकाश रिकामं होतं आणि अल्कोहोल रक्तात हळूहळू उतरतं. तेच पेय उपाशी पोटी घेतलं तर आकडा झरझर चढतो. म्हणून जाणती टीम पहिल्या ऑर्डरसोबतच काहीतरी पोटभरीचं सुचवते. रव्यात घोळवून तळलेले बोंबील, पावासोबत चोरीस, वरणभाताच्या जवळ जाणारी एखादी वाटी. दुसऱ्या पेयाआधी पाण्याचा ग्लास न मागता भरला जातो. स्वयंपाकघराची केओटी, म्हणजे तिथल्या ऑर्डरची चिठ्ठी, आणि बारची ऑर्डर यांचा मेळ बसवणं हे इथलं कौशल्याचं काम आहे. पेय आधी आणि ताट वीस मिनिटांनी उशिरा असं झालं की पाहुणा मधल्या वेळात दुसरं पेय मागतो. ते त्याला हवं असतं म्हणून मागतो असं नाही, हात रिकामे असतात म्हणून मागतो. आतल्यांच्या ढिलाईने पाहुण्याचं माप बिघडतं ते असं.

मापाची शिस्त ही पाश्चात्त्यांची आयात आहे असं कुणाला वाटत असेल तर आपल्याच मुलखाकडे बघावं. पंच हे पेय सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या इंग्रजांनी इथून नेलं, आणि त्याचं नाव आपल्या पाच या शब्दावरून पडलं असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. अर्क, लिंबू, साखर, पाणी, मसाला असे पाच घटक. ही व्युत्पत्ती खरी असेल तर त्या पेयाचं नावच एक मोजणी आहे. गोव्याची काजू फेणी घ्या. बोंडू तुडवून काढलेला रस आंबवायचा, एकदा गाळला की सौम्य हुर्राक मिळते, जी उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांपुरतीच असते. पुन्हा गाळली की फेणी. भट्टीवरचा जाणता माणूस बाटली हलवून वर येणाऱ्या फेसाच्या मण्यांवरून ती किती जोरकस आहे ते ओळखतो. हेही मापच, डोळ्यांचं. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. कोल्वा गावातल्या टेसोरो या बारची गणना २०२२ मध्ये आशियातल्या पहिल्या पन्नास बारांत झाली. मुंबईत कमला मिल्समध्ये २०१५ साली सुरू झालेल्या द बॉम्बे कँटीनने देशी जिन्नस ताटासोबत ग्लासातही आणले. आज कोकम, कैरी, जांभूळ, तिरफळ, गवती चहा बारच्या खणात सहज दिसतात. पण जिन्नस आपले असणं पुरेसं नाही. कोकमाचा आगळ घ्या. तो आंबट आहे तसाच खारटही आहे, आणि घरोघरी मिठाचं प्रमाण वेगळं. लिंबाच्या जागी तितकाच आगळ ओतला तर पेय खारवून जातं. आधी मीठ चाखायचं, मग १० मिली की १५ ते ठरवायचं. सोलकढी करणारी कुठलीही गृहिणी हे जाणते, आणि बारटेंडरने ते तिच्याकडून शिकावं.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की हे सगळं दारूला नटवणं आहे. तो ज्या बाजूने येतो त्या बाजूचा अनुभव मोठा आहे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी झाली ती लोकांच्या, विशेषतः बायकांच्या, दीर्घ चळवळीमुळे, आणि डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी त्या प्रश्नाला आरोग्याची भाषा दिली. गावातल्या किंवा वॉर्डातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं तर परवान्याचं दुकानही बंद होतं, हा नियम आपल्या राज्यात आहे, आणि तो ज्या घरांतून आला त्या घरांची कहाणी ऐकल्यावर वाद घालायची हिंमत होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही. हे मला मान्य आहे. मोजून दिलेली दारू औषध होत नाही, आणि न पिणाऱ्याला प्यायला शिकवणं हे बारचं काम नाही. माझा दावा एवढाच आहे की जो प्रौढ माणूस पिणारच आहे, त्याने ती उजेडात, अन्नासोबत, मोजून, किती घेतली हे ठाऊक असताना घ्यावी, यात त्याचं आणि त्याच्या घरच्यांचं नुकसान कमी आहे. हा दावा मान्य करणाऱ्या बारने मग त्याची किंमतही मोजली पाहिजे. मेन्यूकार्डावर अल्कोहोलविरहित पेयांचं पान शेवटच्या कोपऱ्यात दडवायचं नाही. त्या पेयांनाही तेवढीच मेहनत, तोच ग्लास आणि तेच माप द्यायचं. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे, ती दारातच पाळायची. हे करत नाही त्या बारवर नटवल्याचा आरोप खराच लागू पडतो.

दुसरा आक्षेप अगदी उलट दिशेने येतो. मोजून ओतणं म्हणजे चिक्कूपणा. हात सढळ असावा, पाहुणा देवासारखा. बाटली डोक्यावरून फिरवून, न मोजता, लांब धार सोडणाऱ्या बारटेंडरला टाळ्या पडतात आणि जिगर वापरणाऱ्याला नवशिका समजलं जातं. मराठीत मापात पाप असा शब्दप्रयोग आहे, आणि तो आपण फक्त कमी देणाऱ्या दुकानदारासाठी वापरतो. पेग कमी भरणं हे पाप आहेच. परमिट रूममध्ये ग्राहक आपल्या समोरच बाटली उघडायला लावतो त्यामागे हाच जुना संशय आहे. पण जास्त देण्यातही पाप आहे, हे या कामातून पटत जातं. १५ मिली जास्त पडलेलं पेय बेचव होतं, पाहुण्याचा हिशेब चुकतो, रात्रीच्या शेवटी स्टॉक जुळत नाही आणि मग दुसऱ्या कुणाच्या तरी ग्लासात ते वजा होतं. सढळ हाताची भरपाई कुणीतरी करतच असतं. लग्नघरात नवी सून उंबऱ्यावर तांदळाने भरलेलं माप ओलांडून आत येते. त्या विधीतलं माप शिगोशीग भरलेलं असतं, आणि समृद्धीची खूण म्हणूनच ते दाराशी ठेवलेलं असतं. भरलेलं माप आणि सढळ मन यांत आपल्या संस्कृतीने कधी विरोध पाहिलेला नाही. पाहुणचार दाखवायला बारकडे दुसऱ्या कितीतरी जागा आहेत. गार पाणी, गरम ताट, नाव लक्षात ठेवणं, घाई न करणं. मद्याची धार ही त्यासाठी चुकीची जागा आहे.

तिसरा आक्षेप किमतीचा. एका कॉकटेलच्या पैशांत दुकानातल्या बाटलीचा मोठा हिस्सा येतो, मग हे श्रीमंतांचे चोचले नाहीत का? किंमत जास्त आहे आणि ती सगळ्यांना परवडत नाही, हे खरं आहे आणि ते झाकू नये. त्या किमतीत जागेचं भाडं आहे, परवान्याची फी आहे, कर आहे. मानवी सेवनाचं मद्य जीएसटीच्या बाहेर असल्याने एकाच बिलावर जेवणाला जीएसटी आणि पेयाला व्हॅट लागतो. महाराष्ट्रात परमिट रूमसाठी हा व्हॅट २०२३च्या नोव्हेंबरपासून ५ वरून १० टक्के झाला. शिवाय त्या ग्लासात दुपारी तीनपासूनचे पाच तास आहेत. रस, पाक, बर्फ, सालींचे काप, पुसलेली काच, आणि रात्री ओतून दिलेला उरलेला रस. बाटलीतली दारू आणि कॉकटेल यांची तुलना तांदळाचा भाव आणि खानावळीतल्या ताटाचा भाव यांच्यासारखी आहे. असं असूनही माझ्या मते किमतीचं समर्थन करण्याचा हक्क बारला एकाच अटीवर मिळतो. पाहुण्याला काय दिलं ते मोजून दिलेलं असलं पाहिजे आणि विचारल्यावर सांगता आलं पाहिजे. महागड्या ग्लासात अर्धा बर्फ, वर फुलाची पाकळी आणि आत ३० मिली मद्य असेल आणि कार्डावर त्याचा उल्लेख नसेल, तर तो पाहुण्याला फसवण्याचाच प्रकार आहे, मग दिवे कितीही सुंदर असोत.

सर्वांत अवघड प्रश्न चौथा आहे. बारचा धंदा विक्रीवर चालतो. जास्त विकलं तर जास्त मिळतं. मग तो पाहुण्याला आवर घालेल यावर विश्वास का ठेवायचा? याचं उत्तर सदिच्छेवर सोडता येत नाही, ते कामाच्या रचनेत असावं लागतं. वेटरचा पगार तुटपुंजा आणि उरलेलं पोट टिप व इन्सेंटिव्हवर असेल, तर तो चौथं पेय सुचवणारच. पगार पुरेसा असला आणि नको म्हणायचा अधिकार त्याच्याकडे असला, तर तो पाणी सुचवेल. सेवाशुल्क बिलात सक्तीने लावता येणार नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५च्या मार्चमध्ये ठरवलं. त्यानंतर तर काम करणाऱ्याचा मोबदला मालकाने मूळ किमतीतूनच द्यावा, हे अधिकच सरळ झालं आहे. एखाद्या पाहुण्याला आता पुढचं पेय मिळणार नाही असं सांगणं हे काउंटरवरचं सर्वांत कठीण काम असतं. आवाज खाली ठेवून, चारचौघांत त्याचा मान न दुखावता, समोर जेवण ठेवून, टॅक्सी बोलावून ते करावं लागतं. त्या क्षणी मॅनेजर बारटेंडरच्या पाठीशी उभा राहिला नाही, तर मापाबद्दलच्या सगळ्या गप्पा पोकळ ठरतात. काउंटरमागचं काम कुणी करावं यावरही आपल्याकडे फार काळ बंधनं होती. पंजाब उत्पादन शुल्क कायद्याच्या कलम ३० मुळे दिल्लीत बायकांना बारमध्ये नोकरी करता येत नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली अनुज गर्ग खटल्यात ते कलम रद्द ठरवलं. संरक्षणाच्या नावाखाली हक्क काढून घेऊ नका, काम करायला सुरक्षित जागा द्या, असा त्या निकालाचा रोख होता. मुंबईत शतभी बसूंनी त्याच्या कितीतरी आधीच बारमागे उभं राहून आणि पुढे इतरांना शिकवून ही वाट मोकळी करायला सुरुवात केली होती.

पाहुण्याला माप लावणाऱ्या जागेने ते स्वतःच्या माणसांनाही लावलं पाहिजे. बार रात्री दीडला बंद होतो, आवराआवर अडीचपर्यंत चालते. शेवटची लोकल एकच्या सुमाराला निघून गेलेली असते आणि पहिली चारनंतर येते. मधले दीड-दोन तास स्टेशनच्या पायरीवर किंवा बारच्याच सोफ्यावर काढणारी मुलं या शहरात दर रात्री आहेत. त्यांतली बरीचशी गढवाल, दार्जिलिंग, ईशान्य भारतातून आलेली, काही कोकणातली. त्यांच्या तासांचं माप, त्यांच्या घरी जाण्याची सोय, ड्यूटीवर असताना पाहुण्याच्या आग्रहाने ग्लास न उचलण्याची मुभा, हे सगळं त्याच शिस्तीत येतं. खोलीत माणसं किती मावतात, हेही एक मापच. २०१७च्या डिसेंबरअखेरीस कमला मिल्समधल्या गच्चीवरच्या बारला मध्यरात्री आग लागली, १४ माणसं गेली, आणि त्यांतली बरीच बाहेरची वाट न सापडल्याने स्वच्छतागृहात गुदमरली. त्या रात्रीनंतर कुणाही बारवाल्याने बाहेर पडायच्या दारासमोर एक खुर्चीसुद्धा ठेवू नये. गर्दी मोजणं, वाट मोकळी ठेवणं, आग विझवायचं नळकांडं भरलेलं आहे ना हे बघणं, ही कामं लिंबाचा रस चाखण्याइतकीच रोजची आहेत.

म्हणून नव्या बारमध्ये संध्याकाळ घालवायला जाणाऱ्याला माझी विनंती आहे की एकदा तरी काउंटरसमोरच्या उंच खुर्चीवर बसा. बनवणाऱ्याच्या हाताकडे बघा. जिगर रेघेपर्यंत भरतो का, बर्फाचा खण झाकलेला आहे का, पहिल्या घोटाआधी पाणी आलं का, जेवणाबद्दल कुणी विचारलं का, बाहेर पडायचं दार दिसतंय का. मग ग्लास समोर आल्यावर त्याला विचारा की दादा, यात मद्य किती आहे. जिथे माप पाळलं जातं तिथला माणूस या प्रश्नाने गोंधळत नाही आणि त्याला रागही येत नाही. तो लगेच आकडा सांगतो, कारण तो आकडा त्याच्या हाताला पाठ झालेला असतो. त्या उत्तरावर तुम्ही पुढचं पेय घ्यायचं की नाही, किती वेळ थांबायचं आणि घरी कसं जायचं हे ठरवू शकता.